एका घरांत दोन राउटर

मोठ्या कुटुंबांचीं घरें बांधलीं गेलीं तीं माणसांच्या सोयीनें. बिनतारी लहरींचा विचार त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनींहि नव्हता. त्यामुळें आज पुष्कळ घरीं स्थिति अशी कीं, दिवाणखान्यांत बसलेल्या नातवाच्या हातांतील फोनवर चित्रपट सुरळीत धांवतो, आणि मागल्या खोलींत अंथरुणाला खिळलेल्या आजीबाईंना परदेशांतील लेकीचा चेहरा दिसतो न दिसतो तोंच तो जागच्या जागीं थिजतो. ज्यांना उठून चार पावलें पुढें येतां येत नाहीं, नेमक्या त्यांच्याच खोलीपर्यंत ही सोय पोंचूं नये, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. सुदैवानें तिजवर उपाय आहे, व तो बहुधा माळ्यावरच्या एखाद्या खोक्यांतच पडलेला असतो. कंपनी बदलली कीं नवा राउटर येतो व जुना अडगळींत जातो. त्या जुन्याला (तो कंपनीस परत करावयाचा नसेल तर!) कामास लावण्याची रीत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली. तेव्हां लहरी भिंतींतून जातात हें खरें. परंतु जातां जातां त्या क्षीण होतात. घरोघरच्या वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींची लांबी सुमारें १२ सेंटिमीटर. ५ गिगाहर्ट्झच्यांची तिच्या निम्मी. पहिल्यांना भिंती त्या मानानें बऱ्या मानवतात. दुसऱ्यांचा वेग अधिक, पण भिंत आडवी आली कीं त्या लौकर थकतात. जुन्या वाड्याची रुंद भिंत, नव्या इमारतीचा सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट, आरशामागील धातूचा लेप, पाण्याची टाकी, या सर्वांची त्यांस अडचण होते. म्हणून आधीं असलेला राउटर दूरचित्रवाणीच्या मागून काढून घराच्या मध्यभागीं, उंच जागीं ठेवून पाहावा. एवढ्यानें भागलें तर पुढील खटाटोप नकोच.

भागलें नाहीं तर दुसरा राउटर जोडावा. पण त्यापूर्वीं राउटर करतो काय, हें समजून घेतलें पाहिजे. तो घराच्या उंबरठ्यावरचा कारभारी होय. बाहेरच्या जगाशीं व्यवहार तोच करतो, आणि घरांतील प्रत्येक फोनास व संगणकास एकेक पत्ता तोच वांटून देतो. हे पत्ते बहुधा १९२.१६८ या आंकड्यांनीं सुरू होतात. खासगी वापराकरितां ते राखून ठेवण्यांत आले आहेत. म्हणूनच लाखों घरांत तेच पत्ते असूनहि घोटाळा होत नाहीं. पत्ते वांटण्याच्या या व्यवस्थेस डीएचसीपी म्हणतात.

आतां, कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा एकाच कमरेला असावा हें आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नकोच. थोरल्या राउटराला धाकटा नुसता तारेनें जोडून दिला, तर दोघेहि पत्ते वांटूं लागतात. धाकटा पत्ता देतो आणि वर सांगतो कीं, बाहेर जावयाचें तें माझ्या दारानें. पण त्याच्या दारापलीकडे रस्ताच नसतो! ज्या फोनास थोरल्याचें उत्तर आधीं मिळालें तो चालतो, ज्यास धाकट्याचें मिळालें तो अडतो. सकाळीं सूनबाईंचा संगणक चालतो, मुलाचा बंद. दुपारीं नेमकें उलट. या लपंडावानें घरांतलीं माणसें हैराण होतात, आणि दोष मात्र कंपनीच्या माथीं जातो. आमच्या मतें दुसऱ्या राउटराच्या बहुतेक तक्रारींचें मूळ या एका गोष्टींत आहे. धाकट्यानें पत्ते वांटूं नयेत. लहरी तेवढ्या पसराव्या.

त्यासाठीं असें करावें. धाकट्याची रीसेटची बारीक कळ टांचणीनें दहा-पंधरा सेकंद दाबून त्याची जुनी मांडणी पुसावी. मग तो एकटाच संगणकास केबलनें जोडून, त्याच्या तळच्या चिठ्ठीवरील पत्ता ब्राउझरमध्यें घालून त्याचें पान उघडावें. तेथें 'ॲक्सेस पॉइंट' नांवाचा पर्याय असल्यास तो निवडतांच बहुतेक काम आपोआप होतें. नसल्यास प्रथम त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा : थोरला १९२.१६८.१.१ असेल तर धाकट्यास १९२.१६८.१.२ द्यावा, मात्र थोरला जे पत्ते वांटतो त्यांत हा नाहीं याची खात्री करावी. नंतर डीएचसीपी बंद करावें. शेवटीं थोरल्याच्या 'लॅन' खांचेंतून निघालेली केबल धाकट्याच्याहि 'लॅन' खांचेंतच घालावी. 'वॅन' अथवा 'इंटरनेट' लिहिलेली खांच रिकामी ठेवावी. चूक बहुधा येथेंच होते. त्या खांचेंत केबल घातली तर धाकटा आपली वेगळी चूल मांडतो. इंटरनेट मिळतें, पण वरच्या मजल्यावरचा छपाईचा प्रिंटर खालच्यांना सांपडेनासा होतो. भाडेकरूस निराळें जाळें द्यावयाचें असेल तर ही रीत विचारांत घ्यावी. एकत्र घरास ती नको.

केबल १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे कोणत्याहि घरास पुरून उरते. तार न ओढतां काम करणारे रिपीटरहि बाजारांत मिळतात. परंतु एकाच लहरीवर ऐकणें व बोलणें दोन्ही करावें लागल्यामुळें स्वस्तांतल्या रिपीटरचा वेग निम्म्यावर येतो. भिंतीस एक भोंक पाडण्याचा आळस त्यापेक्षां महाग पडतो.

दोन्ही राउटरांस वाय-फायचें नांव व पासवर्ड एकच ठेवावा, म्हणजे खोली बदलली तरी फोन आपण होऊन जवळचा राउटर धरतो. कांहीं फोन जुन्यालाच चिकटून बसतात, त्यांचें वाय-फाय क्षणभर बंद करून पुन्हा लावावें. २.४ गिगाहर्ट्झवर थोरल्यास १ ला चॅनेल दिल्यास धाकट्यास ६ वा किंवा ११ वा द्यावा. हे तीन एकमेकांत मिसळत नाहींत. सुरक्षिततेसाठीं २००४ सालचें डब्ल्यूपीए-२ किंवा २०१८ सालचें डब्ल्यूपीए-३ निवडावें. ज्या राउटरांत केवळ डब्ल्यूईपी आहे तो मात्र खुशाल भंगारांत द्यावा. त्याचें कुलूप २००१ सालींच कच्चें ठरलें आहे.

राहिला विजेचा प्रश्न. धाकटा जेथें ठेवावयाचा तेथील सॉकेट इन्व्हर्टरवर आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. नसल्यास राउटरासाठीं बॅटरीचा लहान डबा मिळतो. तो घेतांना राउटराच्या चिठ्ठीवरील व्होल्टचा आंकडा ताडून पाहावा, कारण पुष्कळ राउटर १२ व्होल्टांवर चालतात, तर कांहीं ९ वर.