आडात असेल तर पोहऱ्यात येईल

गणेश चतुर्थीची सुट्टी असो की कोणाच्या घरचे लग्न, आपल्या बेटावर चार मंडळी एकत्र बसली की बोलणे फुटबॉलवर येतेच. अर्धी मंडळी लिव्हरपूलची, अर्धी मँचेस्टरची. इंग्लंडमधल्या खेळाडूंचे पगार आणि दुखापती सर्वांना तोंडपाठ! मग कोणीतरी हळूच विचारतो, "आणि आपल्या क्लब एमचे काय?" क्षणभर सगळे गप्प होतात. त्यानंतर एक उपाय हमखास पुढे येतो : बाहेरून चांगले खेळाडू आणा, त्यांच्या हाती आपला पासपोर्ट द्या, म्हणजे संघ उभा राहील.

हा उपाय ज्या देशाने भरपूर पैसा ओतून करून पाहिला, त्या कतारची हकीकत आज सांगावी असे आम्हांला वाटते. आम्ही काही तज्ज्ञ नव्हे, साधे क्रीडाप्रेमी. पण प्रेक्षकालाही मत असते, आणि कतारचा गेल्या पंचवीस वर्षांचा अनुभव पाहून आमचे मत बरेच पक्के झाले आहे.

कतार म्हणजे अरबस्तानातून आखातात शिरलेले जमिनीचे एक बोट. क्षेत्रफळ सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे मॉरिशसच्या पाच-सहा पट. वस्ती ३० लाखांच्या आसपास, पण त्यांतले कतारी नागरिक तीन लाखांहून थोडेसेच अधिक. आपण साडेबारा लाख. म्हणजे नागरिकांपुरते बोलायचे तर तो देश आपल्या पावपटच. बाकीची माणसे पोटासाठी आलेली : भारतीय, नेपाळी, बांगलादेशी, फिलिपिनो, इजिप्शियन. त्यांत मराठी मंडळीही आहेत. जमिनीखाली नैसर्गिक वायूचे मोठे साठे आहेत, तेव्हा पैशाला तोटा नाही. तोटा आहे तो खेळणाऱ्या पोरांचा.

गंमत अशी की, विकत घेण्याचा नाद लागण्यापूर्वी याच देशाने एकदा जगाला चकित केले होते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात तरुणांची जागतिक फुटबॉल स्पर्धा झाली. तिच्यात कतारच्या पोरांनी ब्राझीलला ३-२ आणि इंग्लंडला २-१ असे हरवून अंतिम सामना गाठला. तेथे पश्चिम जर्मनीने त्यांचा ४-० असा पराभव केला, पण नाव झाले ते झाले. गुरू ब्राझीलचा होता, एव्हारिस्टो दि मासेदो. गुरू बाहेरचा आणि शिष्य घरचे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पुढे मात्र घाई झाली. बल्गेरियाचे वजन उचलणारे पहिलवान आणले, त्यांना अरबी नावे दिली. त्यांतल्या आंगेल पोपोव्हने सैद सैफ असाद या नावाने २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. २००३ मध्ये केनियाचा धावपटू स्टीफन चेरोनो सैफ सईद शाहीन झाला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत अडथळ्यांची शर्यत त्याने कतारसाठी जिंकली. त्याच शर्यतीत त्याचा सख्खा भाऊ केनियाकडून धावत होता. एका आईच्या पोटचे दोघे दोन झेंड्यांखाली! गुण कोणाचा, तर शाहीनचा, यात शंका नाही. २००४ मध्ये त्याने केलेला जागतिक विक्रम २०२३ पर्यंत टिकला. पण त्याला पाहून दोह्यातील किती पोरे अडथळ्यांवरून उड्या मारू लागली?

२००४ मध्ये जर्मनीत खेळणाऱ्या तिघा ब्राझिलियन फुटबॉलपटूंना कतारच्या संघात घेण्याची बोलणी चालली, तेव्हा मात्र फिफाला जाग आली. ज्या देशाशी खेळाडूचा स्पष्ट संबंध नाही त्या देशाकडून त्याला खेळता येणार नाही, असा नियम घाईघाईने झाला. पुढे तो आणखी कडक केला गेला.

हँडबॉलचा नियम सैल. मागच्या देशाकडून शेवटचा सामना खेळून तीन वर्षे लोटली की झेंडा बदलायला मोकळीक. तेव्हा २०१५ ची जागतिक स्पर्धा घरी भरवताना कतारने बाल्कन देश, फ्रान्स, स्पेन, क्यूबा असे जमेल तेथून गडी गोळा केले, स्पेनचाच जगज्जेता प्रशिक्षक व्हालेरो रिव्हेरा आणला आणि अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. फ्रान्सने त्यांना २५-२२ असे हरवले. युरोपाबाहेरचा देश तेथवर पोचण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्पर्धेत कतारच्या नावाने ओरडायला स्पेनहून प्रेक्षकसुद्धा आणले होते, असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत छापून आले. खेळाडू उसना आणता येतो हे आम्हांला ठाऊक होते, पण टाळ्याही उसन्या आणता येतात हे नवे कळले.

खरे ते बोलले पाहिजे. हँडबॉलमध्ये हा प्रकार फळला. २०१४ पासून २०२४ पर्यंत आशियाई विजेतेपद कतारने ओळीने सहा वेळा जिंकले. हँडबॉलला सात गडी लागतात, जगात चुरस मोजक्या देशांत, आणि नियम सैल. तेथे आयत्या पिठावर रेघोट्या ओढता आल्या. फुटबॉलचे पीठ घरीच दळावे लागते.

हा वारा शेजारीही पोचला आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात दुबईत बेसबॉलच्या एका नव्या लीगने प्रदर्शनी सामने भरवले आणि २०२५ च्या अखेरीस पहिला हंगाम केला. तिच्यातील एका संघाचे नाव आहे मुंबई कोब्राज. सामने दुबईत, बहुतेक गडी मुंबईबाहेरचे, आणि नाव तेवढे मुंबईचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच असावा!

असो. पैसे उधळताना कतारने एक शहाणपणाचे कामही केले, आणि आमच्या मते खरा धडा तेथेच आहे. २००४ मध्ये दोह्यात अ‍ॅस्पायर नावाची क्रीडाशाळा निघाली. छपराखाली भलेमोठे मैदान, बाजूला शाळेचे वर्ग. देशभरातली लहान पोरे तपासायची, निवडायची, आणि शिक्षणाबरोबर खेळ शिकवायचा. २००६ मध्ये बार्सिलोना क्लबच्या मुलांना शिकवणारा फेलिक्स सांचेझ हा तिशीतला स्पॅनिश तरुण तेथे नोकरीला आला. तो राष्ट्रीय संघाला शिकवायला आलेला नव्हता. पोरांना शिकवायला आला, आणि पोरे वाढत गेली तसा त्यांच्याबरोबर वरच्या वर्गात चढत गेला. २०१४ मध्ये त्याच्या १९ वर्षांखालील संघाने म्यानमारमध्ये उत्तर कोरियाला १-० असे हरवून आशियाई विजेतेपद मिळवले. मध्यंतरी, २०१२ मध्ये, अ‍ॅस्पायरने बेल्जियमचा ऑयपेन हा छोटा क्लब विकत घेतला, म्हणजे पोरांना परक्या थंडीत, परक्या प्रेक्षकांपुढे खेळण्याची सवय व्हावी. या शाळेवर टीकाही झाली. आफ्रिकेतल्या गावोगावच्या मुलांच्या चाचण्या तिने घेतल्या, त्यांतून पुढे पासपोर्ट वाटायचा बेत असावा असे लोक बोलले. पण त्या मुलांनी कतारचा संघ भरून गेला, असे घडले नाही.

फळ आले ते २०१९ मध्ये. आशिया चषक संयुक्त अरब अमिरातीत होता, आणि त्या वेळी अमिरातीसह शेजारच्या देशांनी कतारवर बहिष्कार घातलेला. उपांत्य सामन्यात यजमानांनाच ४-० असे हरवले, तेव्हा प्रेक्षकांतून मैदानावर चपला-बूट आले. अंतिम सामन्यात जपान ३-१. सात सामन्यांत १९ गोल केले, खाल्ला फक्त एक! अलमोएझ अलीने एकट्याने ९ गोल करून त्या स्पर्धेचा विक्रम मोडला.

याच अलमोएझवर अमिरातीने हरकत घेतली होती. जन्म सुदानचा, मग हा कतारचा कसा? हरकत फेटाळली गेली. वाचकहो, येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. अलमोएझ लहानपणीच कतारला आला, तेथील मैदानांवर वाढला, तेथील शाळेत शिकला. त्याला विकतचा कसा म्हणावे? आपले पणजोबा रत्नागिरी-सावंतवाडीकडून गिरमिटावर आले, पोर्ट लुईला अप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढले आणि उसाच्या मळ्यात राबले. त्यांची नाळ कोकणात पुरलेली होती, म्हणून त्यांचा नातू मॉरिशसचा नव्हे, असे कोणी म्हटले तर आपण ऐकून घेऊ काय? ऐन सामन्याच्या तोंडावर कागद देऊन आणलेला खेळाडू वेगळा, आणि त्याच मातीत वाढलेला परदेशी बापाचा पोर वेगळा. या दोघांना एकाच तागडीत घालणे अन्यायाचे आहे.

उलट, कतारची दुसरी बाजू आम्हांला खटकते. तेथे क्रिकेटचा राष्ट्रीय संघ आहे, आणि तो बहुतांशी भारत, पाकिस्तान, श्रीलंका या देशांतून नोकरीसाठी गेलेल्यांचा. आंतरराष्ट्रीय क्रिकेट मंडळाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांचे वास्तव्य पुरते, नागरिकत्व लागत नाही. दोह्याच्या औद्योगिक वसाहतीत, एशियन टाउनमध्ये, या लोकांसाठी क्रिकेटचे मैदानही बांधले आहे. छातीवर कतारचे नाव लावून हे लोक खेळतात आणि नोकरी संपली की मायदेशी परततात. कोणाला पासपोर्ट एका हंगामात मिळतो, कोणाला तीस वर्षे राबूनही नाही. आपल्या पणजोबांच्या नशिबी हा करार असता तर हे पान वाचायला आपण येथे नसतो.

आता २०२२. विश्वचषक घरी, पैसा पाण्यासारखा, आणि आशियाचा विजेता संघ तयार. तरीही झाले काय? इक्वेडोरकडून ०-२, सेनेगलकडून १-३, नेदरलँड्सकडून ०-२. यजमानाने पहिलाच सामना हरावा असे विश्वचषकात तोवर घडले नव्हते. आमच्या मते दोष पोरांचा नव्हता. स्पर्धेपूर्वी कित्येक महिने संघाला युरोपात शिबिरात ठेवले होते, स्वतःच्या क्लबांच्या सामन्यांनाही मोकळे केले नाही. शिवाय सगळेच्या सगळे २६ खेळाडू कतारच्याच लीगमधले, आणि त्या लीगच्या सामन्यांना माणूस फारसा फिरकत नाही. रिकाम्या बाकांपुढे वाढलेल्या पोराला साठ हजारांची गर्जना ऐकून घाम फुटला तर नवल ते काय?

ताजी उदाहरणेही हेच सांगतात. २०२४ च्या फेब्रुवारीत लुसैल येथे जॉर्डनला ३-१ असे हरवून कतारने आशिया चषक राखला. दोह्यातच जन्मलेल्या अक्रम अफीफने तिन्ही गोल पेनल्टीवर केले. (अंतिम सामना तीन पेनल्टींनी सुटावा, हे प्रेक्षक म्हणून आम्हांला रुचले नाही.) त्या वेळचा प्रशिक्षक मार्केझ लोपेझ कोठून आला? कतारच्याच अल वक्रा क्लबमधून. आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अमिरातीला २-१ असे हरवून कतार २०२६ च्या विश्वचषकास पात्र ठरला, यजमान म्हणून मानाने नव्हे तर खेळून. ते दोन गोल बूआलेम खूखी आणि पेद्रो मिगेल यांचे. एक जन्माने अल्जेरियाचा, दुसरा पोर्तुगालचा. पण दोघेही दशकाहून अधिक काळ तेथल्या क्लबांतून खेळलेले.

आता आपल्या घरात पाहू. आपण १९७४ च्या आफ्रिका चषकाला पात्र ठरलो होतो. १९८५ आणि २००३ या दोन्ही वर्षी हिंदी महासागर बेटांच्या क्रीडास्पर्धांत फुटबॉलचे सुवर्णपदक आपले होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, डोडो, फायर ब्रिगेड अशा संघांच्या सामन्यांना मैदाने फुलत. पण ते प्रेम जातीधर्माच्या विहिरीतले होते, आणि त्या पाण्याला विष लागले. २३ मे १९९९ रोजी स्काउट्स आणि फायर ब्रिगेड यांच्या सामन्यानंतर दंगल उसळली, पोर्ट लुईतील लामिकाल जुगारगृह पेटवले गेले, सात जीव गेले. जुने संघ मोडून प्रांतवार नवे संघ केले गेले. मोडले ते योग्यच केले, असे आम्ही आजही म्हणतो. पण नवी विहीर खणायची राहून गेली. प्रेक्षक घरी गेले, दूरदर्शन संचापुढे बसले आणि लिव्हरपूलचे झाले.

फ्रान्समध्ये जन्मलेल्या लिंडसे रोझसारखा खेळाडू आपल्या रक्ताचा आहे, तो २०१८ पासून आपल्याकडून खेळला, त्याचे स्वागतच आहे. पण असे दहा जण मिळाले तरी त्यांच्याशी सराव करायला येथे अकरावा गडी हवा ना? तो फ्लाकच्या किंवा वाक्वाच्या शाळेतून यायचा. आमचे मत विचाराल तर राष्ट्रीय संघाच्या परदेशी शिबिरांचा पैसा दोन वर्षे बाजूला काढून प्रत्येक जिल्ह्यात १३ ते १५ वर्षांच्या पोरांचे सामने वर्षभर भरवावेत, गाव विरुद्ध गाव, शनिवारी दुपारी, आईबाप चालत येऊ शकतील अशा मैदानावर. आणि त्यांतली निवडक वीस पोरे दरवर्षी एका हंगामासाठी रियुनियनच्या क्लबांकडे पाठवावीत. कतारला त्यासाठी बेल्जियममध्ये क्लब विकत घ्यावा लागला. आपल्याला रियुनियनचे विमान तासाभराच्या आत पोचवते, भाषेची अडचण नाही, आणि तेथले क्लब फ्रान्सच्या राष्ट्रीय चषकात खेळतात. २०२० मध्ये सेंट-पियेरचा क्लब त्या चषकात शेवटच्या ३२ संघांत पोचला होता.

१९७४ च्या संघाला खेळताना ज्या वडीलधाऱ्या वाचकांनी पाहिले आहे, त्यांनी त्या संघातले खेळाडू कोणकोणत्या गावचे आणि कोणत्या शाळेचे होते ते आम्हांला जरूर लिहून कळवावे. कोणाकडे छायाचित्र असल्यास तेही पाठवावे. पाहून परत करू.