तीन खिडक्या, तीन दिवसांची मजुरी

मी राहतो दिल्लीच्या सरोजिनी नगरात. इथल्या जुन्या सरकारी वसाहतीच्या पुनर्विकासाला 2016 साली मंजुरी मिळाली आणि मोठं बांधकाम सुरू झालं. तिथे एकदा बुंदेलखंडातून आलेली एक मजूर बाई भेटली. कडेवर दीड वर्षाची मुलगी. मुलीची गोवर-रुबेलाची दुसरी लस राहिली होती. मी कारण विचारलं. ती म्हणाली, "बाबूजी, लस एकीकडे, खाऊ दुसरीकडे, रेशन तिसरीकडे. तीन खाडे केले तर चूल कशी पेटणार?"

फौजेत जवान रसद शोधत हिंडत नाही. शिधा, पाणी, औषध चौकीवर पोचतं आणि त्याला जबाबदार एक माणूस असतो. इथे नेमकं तेच निसटतं.

योजना आहेत. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. तिच्यात सहा सेवा: पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, पोषण-आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा. शेवटच्या तीन आरोग्य खात्यामार्फत मिळतात. म्हणजे अंगणवाडी सेविका, आशाताई आणि नर्सताई एका दिवशी, एका जागी आल्या, तर आईचा एकच खाडा पडतो. तिघींना जोडणारा कागदही आहे: माता-बाल संरक्षण कार्ड. गाव सुटलं तरी ते सोबत हवं.

दुसरी अडचण वेळेची. अंगणवाडी साधारण अर्धा दिवस, मजुरी पूर्ण दिवस. मग मूल वाळूच्या ढिगाऱ्यावर. हे पाहूनच मीरा महादेवन यांनी 1969 साली राजघाटाजवळच्या बांधकामावर तंबूत पाळणाघर सुरू केलं. तेच पुढे 'मोबाइल क्रेशेस' झालं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत हाच विचार केला: मूल शाळेत येत नसेल, तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी.

पन्नासहून जास्त स्त्री-मजूर असलेल्या बांधकामावर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, असं 1996 च्या कायद्याने ठरवलं. आता तुम्ही पुण्यात असा, इंदुरात किंवा बेळगावात, तुमच्या शेजारी इमारत उठत असेल तर दोन गोष्टी विचारा. इथे मुलांची खोली कुठे आहे? आणि जवळच्या अंगणवाडीला ही मुलं ठाऊक आहेत का? त्या मुलीसाठी आम्ही एवढंच केलं. सेविकेला सांगितलं, लसीकरणाचा दिवस विचारला आणि मुकादमाकडून आईसाठी दोन तासांची भरपगारी सुट्टी मिळवली. लस त्याच आठवड्यात झाली.