फौजीच्या मुलांना सगळं शिक्षण मोफत?

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव आपल्या नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं. घरटी फौजी असलेल्या अशा गावांत एक वाक्य हमखास कानावर पडतं : “फौजीच्या पोरांना काय, सगळं फुकट असतं!” हे खरं नाही. आणि या समजाचा सर्वांत मोठा फटका बसतो तो फौजींच्याच घरांना. सवलत आपोआप मिळेल म्हणून घरचे निवांत राहतात आणि अर्जाची मुदत टळून जाते.

पूर्ण शिक्षण शुल्क सरकार भरतं, ते कारवाईत वीरमरण आलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचं अपंगत्व आलेल्या जवानांच्या मुलांचं. १९७१च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये ही सवलत सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महिना १०,००० रुपयांची मर्यादा घातली गेली. त्यावर मोठी नाराजी उमटली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा उठली. उठायलाच हवी होती.

नोकरी पूर्ण करून घरी आलेल्या माजी सैनिकांसाठी मात्र वाटा वेगळ्या आहेत. हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेल्यांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत केंद्रीय सैनिक बोर्डामार्फत अनुदान मिळतं. पूर्वी ते महिना १,००० रुपये होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून २,००० झालं. हे फक्त मुलांसाठीच, असं अनेकींना वाटतं. पण वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या विधवांना दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीही ते घेता येतं.

सुभेदाराच्या घरी हे अनुदान लागू नाही; म्हणून आपल्याला काहीच नाही, असं मानून तिथले लोक गप्प बसतात. त्यांना पंतप्रधान शिष्यवृत्तीचं दार उघडं असतं. इंजिनिअरिंग, एमबीबीएस, बीएड, बीफार्म, एमबीए अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या दिल्या जातात, निम्म्या मुलींना. मुलीला महिना ३,००० आणि मुलाला २,५०० रुपये. चार वर्षं इंजिनिअरिंग करणाऱ्या मुलीचे हे १,४४,००० रुपये होतात.

इथेच सर्वाधिक घरं चुकतात. “पहिलं वर्ष होऊ दे, मग बघू” म्हणणाऱ्यांची संधी सहसा तिथेच संपते, कारण नवा अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो. बारावीला किंवा प्रवेशासाठी लागणाऱ्या शैक्षणिक पात्रतेत किमान ६० टक्के हवेत. साधी बीए, बीकॉम किंवा परदेशातलं शिक्षण यात बसत नाही. बीएसएफ, सीआरपीएफच्या जवानांची मुलंही या योजनेत येत नाहीत. त्यांची शिष्यवृत्ती वेगळी असून ती गृह मंत्रालयाकडून मिळते.

सैनिक शाळेबद्दलचा समज तर उलटा आहे. साताऱ्याची सैनिक शाळा २३ जून १९६१ रोजी सुरू झाली, देशातली पहिली. ती फौजींच्या मुलांसाठीच आहे असं गावोगाव सांगितलं जातं. प्रत्यक्षात प्रवेश परीक्षा सर्वांना खुली आहे; सामाजिक आरक्षण वगळून उरणाऱ्या जागांपैकी २५ टक्के जागा आजी-माजी सैनिकांच्या मुलांना असतात. २०२१-२२ पासून मुलींनाही सगळ्या सैनिक शाळांत प्रवेश आहे.

आणखी एक गल्लत स्वतः जवानांचीच. पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पदवीसमकक्ष मानलं जातं, ते गट ‘क’च्या, तांत्रिक ज्ञान न लागणाऱ्या सरकारी पदांसाठी. त्या जोरावर एमएला प्रवेश मिळेल असं धरून चालू नये.

कागदांचं दुखणं अगदी साधं असतं. डिस्चार्ज बुकात मुलीचं नाव एक, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसरं. किंवा धाकट्याचं नाव चढवायचंच राहिलेलं. ही दुरुस्ती रेकॉर्ड ऑफिसकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. घरात कुणी यंदा बारावीला असेल, तर निकालाची वाट पाहू नका. डिस्चार्ज बुक घेऊन याच महिन्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा आणि मुलांची नावं तपासून घ्या.