टायरावरील सूत्रपाठ

मोटारगाडी घेतांना तिचा रंग, आसनें व इंजिन यांची चौकशी प्रत्येक गृहस्थ करितो. परंतु ज्या चार ठिकाणीं ती भूमीला टेकते, तेथील अक्षरें वाचणारा विरळा. देवळाली कॅम्पांत आमच्या शेजारीं निवृत्त मंडळी पुष्कळ. त्यांच्या गाड्या आठवड्यांतून एकदां नाशिकरोडपर्यंत जातात, एरवीं आवारांत उभ्या. अशाच एका कुटुंबानें सिन्नरकडून समृद्धि महामार्गानें नागपुरास लग्नाला जाण्याचें ठरविलें, तेव्हां आम्ही त्यांच्या गाडीचे टायर वाचून पाहिले.

कडेवर १८५/६५ आर १५ ८८ एच असें लिहिलेलें होतें. पाणिनीनें ‘अच्’ या एका संज्ञेंत सर्व स्वर बसविले. हें लाघव त्याच जातीचें. १८५ ही टायराची रुंदी, मिलिमीटरांत. ६५ हे मात्र मिलिमीटर नव्हेत. कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ६५, म्हणजे सुमारें १२० मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी. १५ हा रिमचा व्यास, आणि तो इंचांत! एका ओळींत तीन परिमाणें मिसळणाऱ्या विद्यार्थ्याचे आम्ही गुण कापले असते.

१५ इंचांचे ३८१ मिलिमीटर होतात. त्यांत वरची व खालची उंची मिळविली कीं चाकाचा व्यास ६२१.५ भरतो. हौसेनें १८५ च्या जागीं १९५ बसविल्यास तो ६३४.५ होतो, आणि वेगाचा कांटा पूर्वीपेक्षां शेंकडा दोन कमी वेग दाखवूं लागतो. ८८ हे किलो नव्हेत. कोष्टकाप्रमाणें त्याचा अर्थ एका टायरास ५६० किलो भार. ‘एच’ ही ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. वर्णमालेचा क्रम सोडून हा एच २०० च्या ‘यू’ व २४० च्या ‘व्ही’ यांमध्यें कां बसावा, हें वैयाकरणास खटकतेंच.

परंतु आमचें लक्ष वेधलें तें ‘डीओटी’ या अक्षरांनीं आरंभ होणाऱ्या ओळीच्या अखेरच्या चार अंकांनीं. ही पूर्ण ओळ पुष्कळदां एकाच बाजूस असते, म्हणून गाडीखालीं वांकून पाहावें लागतें. तेथें ३२१६ होतें. म्हणजे २०१६ सालचा ३२ वा आठवडा.

“मास्तर, नक्षी तर नवी आहे!” गृहस्थ म्हणाले. खरेंच होतें, झीज दाखविणारे १.६ मिलिमीटरचे उंचवटे फार खोल होते. पण रबर न चालतांही म्हातारें होतें. ऊन व हवेंतील ओझोन यांनीं तें ताठरतें, बारीक भेगा पडतात. पांच वर्षांनंतर दरवर्षीं तपासणी करावी व दहा वर्षांनंतर नक्षी असली तरी टायर काढावा, असें कांहीं मोठे उत्पादकच सांगतात. नाशिकरोडच्या फेरीस असा टायर निभावतो. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर, जेथें मोटारीस ताशी १२० ची मुभा आहे, तेथें उन्हाळ्यांतील तापलेल्या कॉंक्रीटवर तोच फुटतो. हवा कमी असली तर कड अधिक वांकून अधिकच तापते. २०२३ सालीं परिवहन खात्यानें या मार्गाच्या प्रवेशद्वारीं टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठविल्या. परंतु नक्षी शाबूत असलेला जुना टायर वरवर पाहतां तेथून सुटूं शकतो.

हवेचें माप टायरावरून घेऊं नये. तेथें असते ती कमाल मर्यादा. योग्य आंकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो.

गृहस्थांनीं चारही टायर बदलले. डिकींतील पांचव्याची आठवण गृहिणीस झाली. तिनें चष्मा लावून अंक वाचले: तोही २०१६ चाच.