सारखं तोंड येतंय? ‘उष्णता’ म्हणून सोडून देऊ नका

‘उष्णता वाढली, म्हणून तोंड आलं’ असं म्हणायचं, मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायच्या आणि दोन दिवस तिखट बंद ठेवायचं. गावाकडे हे नेहमीचंच. एखाद्या वेळी ते चालूनही जातं, कारण तोंडातला साधा छाला एक-दोन आठवड्यांत आपोआप बरा होतो. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड येत असेल, तर आपल्या ताटात काय कमी पडतंय, हे बघायला हवं.

तोंड येण्याची कारणं अनेक आहेत. दात लागणं, ताण, अपुरी झोप. काहींच्या घराण्यातच हा त्रास असतो. मात्र लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व कमी असलं तरी तोंड वारंवार येतं. तोंडातली आतली नाजूक त्वचा रोज झिजते आणि नवी तयार होते. त्यासाठी हे तीन घटक लागतात.

ताटात काय हवं?

बी-१२ दूध, दही, अंडी, मटण आणि मासे यांतून मिळतं. भाकरी, डाळ, भाजीतून नाही. गोठ्यात दुभती म्हैस असूनही सगळं दूध डेअरीला जातं आणि घरात फक्त चहापुरतं उरतं, अशा शाकाहारी घरात ते कमी पडू शकतं. रोज वाटीभर दही किंवा पेलाभर दूध घरात ठेवावं.

लोहासाठी बाजरी, मटकी, हरभरा आणि पालेभाज्या खाव्यात, सोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा. जेवणाबरोबर चहा घेतला की लोह अंगी लागत नाही; तासाभराचं अंतर ठेवावं. पालेभाज्या, डाळी आणि शेंगदाण्यांतून फॉलिक अ‍ॅसिड मिळतं.

तपासणी कधी करावी?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. तोंड सारखं येणं, दम लागणं, थकवा ही लक्षणं एकत्र दिसली, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते महिलांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ च्या खाली असेल, तर नुसत्या आहारावर भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्या लागतात. हातापायाला मुंग्या येत असतील, तर बी-१२ चीही तपासणी करावी.

हे मात्र थांबवू नका

तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखत नसली तरी, डॉक्टरांना दाखवावीच. तंबाखू, गुटखा, मिश्री यांची सवय असेल आणि तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसत असेल किंवा तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर तीन आठवडेही थांबू नये. कर्करोगाची सुरुवात अशीही होते. लवकर सापडला तर तो बरा होऊ शकतो. ‘उष्णता’ समजून घालवलेले महिने मात्र परत मिळत नाहीत.