शाळेच्या समितीत मला जागा नाही

आमच्या वस्तीलगत जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शाळा आहे. तिच्या व्यवस्थापन समितीची नव्याने निवड व्हायची होती. महाविद्यालयात वीस वर्षे सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकविणाऱ्या माझ्यासारख्याने तेथे उमेदवार म्हणून उभे राहावे, असे मला मनापासून वाटले. मुख्याध्यापकांना भेटून तसे सांगितले. त्यांनी अदबीने खुर्ची दिली, चहा मागविला आणि विचारले, "सर, आपली मुलगी कोणत्या शाळेत आहे?" ती इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत आहे. म्हणजे पालक म्हणून मला उभे राहण्याचा अधिकारच नाही.

नियम कठोर वाटला, तरी त्यामागील विचार समजून घेण्याजोगा आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१व्या कलमानुसार अशा समितीतील किमान तीन-चतुर्थांश सदस्य शाळेतील मुलांचे आई-वडील वा पालक असले पाहिजेत. एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व हवे. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ही समितीची कामे होत. ज्याचे मूल त्या वर्गात बसते, त्याला त्या वर्गाविषयी बोलण्याचा पहिला हक्क, असे हे साधे तत्त्व आहे.

या तत्त्वापर्यंत येण्यास आपल्याला फार काळ लागला. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची कैफियत मांडली. गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९११चे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. १९२३च्या कायद्याने मुंबई इलाख्यात प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. परंतु मतदानाचा हक्क त्या काळी मालमत्तेवर वा करभरणीवर अवलंबून होता. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. ज्यांना एकेकाळी मतही नव्हते, त्यांच्या नातवंडा-पतवंडांना आज समितीत बसण्याचा कायदेशीर हक्क आहे. आणि नेमक्या याच वेळी आमच्यासारखा सुशिक्षित मध्यमवर्ग त्या शाळेतून उठून गेला आहे.

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकाराची उत्तम मीमांसा केली आहे. संस्था ढासळू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचा कारभार सुधारत का नाही, याचा विचार करताना त्यांना दिसले की, मालमोटारींचा पर्याय उपलब्ध होताच जे ग्राहक सर्वांत जास्त तक्रार करू शकले असते तेच आधी निघून गेले. सरकारी शाळांनाही त्यांनी हाच विचार लावला. स्पर्धेने संस्था सुधारते, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे मात्र पळवाट जितकी सोपी, तितका आवाज क्षीण!

निवडीच्या पालकसभेला मी मागे बसून होतो. अध्यक्षपदी एका मोलमजुरी करणाऱ्या बाईंची निवड झाली. पाण्याची टाकी किती दिवस बंद आहे, हे त्यांना तारखेनिशी ठाऊक होते. अनुदानाचा हिशेब कसा वाचावा, हे ठाऊक नव्हते. मला हिशेब वाचता येत होता आणि टाकी बंद असल्याचे त्या दिवशी प्रथमच कळले होते. आपल्या समाजातील ज्ञानाची ही वाटणी आहे.

सभा संपल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "सर, उरलेल्या जागांत स्थानिक शिक्षणतज्ज्ञ घेता येतो. आपलं नाव सुचवू का?" सूचना सद्भावनेची होती, परंतु मी ओशाळलो. ज्या शाळेवर स्वतःचे मूल सोपविण्याइतका माझा विश्वास नाही, त्या शाळेचा मी तज्ज्ञ! मी नम्रपणे नकार दिला. मात्र अध्यक्षबाईंना आणि इतर सदस्यांना हिशेब वाचण्यास मदत करण्याचे कबूल केले. आता महिन्यातून एक शनिवार मी तेथे जातो. तिसऱ्या खेपेस बाईंनी स्वतःहून विचारले, "सर, टाकीचे पैसे यात कुठं दिसत नाहीत, ते का?" तो प्रश्न मला सुचला नव्हता.

मुलीला शाळेतून काढून तिकडे घाला, असे कोणी म्हणेल. आपल्या प्रायश्चित्ताचा भार तिच्या खांद्यावर टाकणे मला योग्य वाटत नाही. शासकीय सेवकांची मुले सरकारी प्राथमिक शाळेतच शिकली पाहिजेत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ साली दिला होता. तथापि विश्वास हुकुमाने निर्माण होत नाही. पण हा लेख वाचणारे अनेक शिक्षक व कारकून सरकारी तिजोरीतून वेतन घेतात आणि मुलांसाठी दुसरीकडे शुल्क भरतात. ज्या तरुण वाचकांची मुले अद्याप शाळेत जायची आहेत, त्यांनी निदान एकदा जवळच्या सरकारी शाळेत जाऊन वर्ग पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा. समितीची निवडणूक पालकसभेत होते खरी, परंतु उमेदवारीचा अर्ज मुलाच्या प्रवेशाच्या दिवशीच भरावा लागतो. माझी ती मुदत टळून गेली.