दोनपैकी एकच इंजिन धुरकटते, तेव्हा…

भिवंडी तालुक्यातील काल्हेर, कशेळी ही गावे खाडीकाठची. अशा खाडीत दोन इंजिनांची बोट चालवताना एकाच बाजूचा धूर वाढला, तर ‘टायमिंग गेले’ असे निदान चटकन होते. ते दरवेळी खरे नसते.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दट्ट्याने दाबलेली हवा प्रचंड तापते आणि तीत फवारलेले डिझेल पेट घेते. फवारा उशिरा आला की ताकद घटते, धूर वाढतो. फार लवकर आला की इंजिन ठोकते.

दोन्ही इंजिने एकाच बनावटीची असतील, तर एक दुसऱ्याची मोजपट्टी ठरते. ती सारख्याच वेगाने चालवून पाहावीत. धूर काळा असेल तर आधी एअर फिल्टर आणि पंख्यात अडकलेले प्लास्टिक, दोरी तपासावी. निळसर धूर म्हणजे बहुधा ऑइल जळते आहे. त्यानंतर दोन्हींचे नोझल अदलाबदल करावेत. धूरही दुसरीकडे गेला, तर दोष नोझलचा. जागीच राहिला, तर पंपाचे टायमिंग मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

चालू इंजिनाच्या नळीतील गळती हाताने कधीही चाचपू नये. बारीक धारही त्वचा भेदून डिझेल आत ढकलते. जखम टाचणीएवढी दिसली, तरी लगेच रुग्णालय गाठावे.

धूरही अंगावर काढू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरवला आहे.